नागोरावांची फ्रान्सची माती

ती माती मी कढीपत्त्याला घातली, हे आधीच सांगून टाकतो. गच्चीच्या कठड्याशी आइस्क्रीमचे चार रिकामे डबे ओळीने मांडलेले होते. आत माती, खडे असलं काहीतरी. झाकणांवर जाड पेनाने लिहिलं होतं: मेदोक, पोमरोल, बर्गंडी, बोजोले. हल्ली खतांना काहीही नावं असतात. त्यात परदेशी दिसलं म्हणजे गुण येणारच, असा माझ्या पिढीचा विश्वास. मी चारही डबे कुंडीत उपडे केले, वरून बादलीभर पाणी ओतलं आणि शेतीची सेवा केल्याच्या समाधानात चहाला खाली उतरलो.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे नागोराव इंगोले दारात उभे.

"काका, गच्चीवर माझे डबे होते."

"हो, मीच वापरलं. छान खत दिसतंय."

"खत नव्हतं ते."

"मग?"

"माझी परीक्षा होती," ते म्हणाले आणि दाराच्या चौकटीला टेकले. एवढा उंचापुरा माणूस, पण धुतलेला शर्ट दोरीवरून घसरावा तसा खाली आला. मी त्यांना आत घेऊन खुर्चीवर बसवलं.

नागोराव मूळचे वसमतकडचे. पुण्यात आले ते एका हॉटेलात भांडी घासायला. तिथून वेटर झाले आणि आता कोरेगाव पार्कातल्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांना वाइन सुचवतात, उघडून देतात. त्यांच्या अंगावरचा काळा कोट बघून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तात्याराव बरेच दिवस त्यांना वकील समजत होते आणि पार्किंगच्या भांडणात सल्ला विचारत होते. नागोराव सल्ला देतही असत.

त्या रविवारी हॉटेलात वाइनची परीक्षा होती. बाहेरून परीक्षकबाई येणार, बाटल्या झाकलेल्या, ग्लासातली रेड वाइन चाखून ती फ्रान्सच्या कुठल्या भागातली, कुठल्या द्राक्षाची, हे लिहायचं. पास होईल तो वाइनवर राहील. बाकीच्यांची रवानगी नाश्त्याच्या काउंटरवर.

"अहो, पण तुम्हाला तर हे पाठ असेल. त्यासाठी डब्यात माती कशाला?"

नागोरावांनी उठून दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "काका, मला वास येत नाही."

हिवाळ्यात ताप आला होता, तो जाताना नाक घेऊन गेला. ही गोष्ट फक्त यमुनाबाईंना, त्यांच्या बायकोला, ठाऊक होती. आणि मला एक दुपार आठवली. वरून करपल्याचा वास आला म्हणून मी धावत गेलो, तर गॅसवर दूध जळून कोळसा झालेलं आणि शेजारी स्टुलावर नागोराव डोळे मिटून, तोंडात घोट धरून शांत बसलेले. मी तेव्हा त्याला ध्यानधारणा समजलो होतो. खाली येऊन बायकोला म्हटलंही होतं, माणसाने असं असावं.

ताप गेल्यापासूनच्या चार महिन्यांत त्यांनी काय नाही हुंगलं. हिंग, कापूर, लसूण, नव्या चपलांचं खोकं. एकदा बुधवार पेठेत गुलजारभाईंच्या अत्तराच्या दुकानात जाऊन बसले. गुलजारभाईंनी मोगऱ्यापासून सुरुवात केली, खस लावलं, केवडा लावला, मग दोन्ही हात संपले तेव्हा कानामागे लावलं. शेवटी त्यांनीही हात टेकले. घरी येताना वारज्याच्या बसमध्ये नागोरावांच्या आजूबाजूची बाकं रिकामी झाली, तेव्हा त्यांना कळलं की अत्तरं अस्सल होती.

"वास गेला, पण जीभ, हिरड्या शाबूत आहेत," ते म्हणाले. "आंबट कळतं, तुरट कळतं, जड-हलकं कळतं. वास कुठल्या वाइनला कसा असतो ते आधीचं आठवतं. तोंडाने ओळखायचं आणि वास आठवणीतून लिहायचा. तोंडाची खूण पक्की बसावी म्हणून ज्या भागाची वाइन, तिथल्यासारखी माती डाव्या हातात धरून घोट घ्यायचो."

मी वर गेलो, कुंडी उपडी केली आणि आमच्या हिची पिठाची चाळणी आणली. त्याबद्दल मला नंतर जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. आम्ही दोघं गच्चीत फतकल मारून फ्रान्सचे प्रांत वेगळे करू लागलो. माती अर्थात फ्रान्सची नव्हतीच. गोटे मुठेच्या पात्रातले, काळी चिकण माती वसमतची, त्यांच्या भावाच्या शेतातली, तिच्याखाली निघते ती चुनखडी, आणि गुलाबी ग्रॅनाइट म्हणजे इथल्याच स्वयंपाकाचे ओटे करणाऱ्याकडचे तुकडे.

"हे गोटे म्हणजे मेदोक," नागोराव एकेक निवडत होते. "पाणी थांबत नाही, ऊन मात्र धरून ठेवतात. म्हणून तिथे काबर्ने द्राक्ष पिकतं. उशिरा पिकणारं, जाड सालीचं. पहिल्या घोटाला हिरड्या कोरड्या करून टाकतं. जुनं झालं की नरम येतं."

"म्हणजे शनिवार पेठेतले दुकानदार."

"ते कधी नरम येतात?"

हे बरोबर होतं. मी पुढचा खडा उचलला.

चिकण माती थंड आणि ओल धरणारी, तिच्यावर लवकर पिकणारं मेर्लो, गुबगुबीत आणि मऊ. तो पोमरोल. चुनखडीवर बर्गंडीचा पिनो: पातळ सालीचा, हलका, आंबटसर, जरा ऊन लागलं की बिघडणारा. मी म्हटलं, हे आपले तात्याराव. नागोराव पहिल्यांदाच हसल्यासारखे झाले. मग ग्रॅनाइटचा तुकडा तळहातावर घेऊन म्हणाले, "आणि ह्यावर गामे. त्या द्राक्षाला सहाशे वर्षांपूर्वी बर्गंडीच्या सरदाराने हुकूम काढून हाकललं होतं, हलका माल म्हणून. मग बोजोलेच्या ह्या दगडावर त्याचं बस्तान बसलं. माझा सगळ्यात आवडता."

गोटे निघाले, ग्रॅनाइट निघाला. चिकण माती आणि चुना मात्र माझ्या बादलीभर पाण्याने एकजीव झाले होते. मी ओशाळून विचारलं, आता हो?

"असंही एक गाव आहे तिथे," नागोराव चिखल बोटांवर चोळत म्हणाले. "सेंत-एमिलियाँ. ते तुम्ही तयार केलंत, पण परीक्षेत मला ते नको होतं."

वसमतहून माती आणि चुनखडी दुसऱ्या दिवशी एसटीने आली. शनिवारी वरून एकसारखा चूळ भरल्याचा आवाज येत होता. मध्येच यमुनाबाई खाली आल्या आणि आमच्या देवापाशी उदबत्ती लावून गेल्या. मी म्हटलं, घरी लावायचीत की. त्या म्हणाल्या, "घरी लावली की ते उठून धुरात तोंड घालतात काका. बघवत नाही."

रविवारी नागोराव काळा कोट घालून निघाले. डाव्या खिशात चार पुरचुंड्या होत्या. मी जिन्यात उभा राहून एखाद्याला दहावीला पाठवावं तसा हात हलवला. दिवसभर मला अन्न गोड लागलं नाही. बायकोने पुरणपोळी केली होती, तरीही.

अंधार पडता पडता ते परत आले, आणि घरी न जाता थेट गच्चीवर गेले. मी मागोमाग गेलो. ते कढीपत्त्याच्या शेजारी बसले होते, कोटासकट.

"मेदोक बरोबर," ते म्हणाले. "पोमरोल बरोबर. बोजोले तर घोट गिळायच्या आत लिहिलं. खिशातला दगड नुसता हाताला लागला आणि कळलं."

"मग?"

"चौथा ग्लास. हलका, आंबट. बर्गंडी, पिनो, चुनखडी. तेही बरोबर होतं काका. खाली वास लिहिला: चेरी, थोडी पावसाळी पानं. चांगल्या चार ओळी लिहिल्या." ते थांबले. "बाटलीचं बूच सडकं होतं. मुद्दाम ठेवली होती ती बाटली. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास मारत होती म्हणे, लांबूनसुद्धा. माझ्या शेजारच्या आमोदने नाक धरून नुसतं 'खराब' लिहिलं, आणि तो पास झाला."

मी परीक्षकबाईंबद्दल काहीतरी बोललो. छापण्यासारखं नाही.

"नाही, त्यांचं बरोबर आहे," नागोराव म्हणाले. "पाहुण्याच्या ग्लासात सडकी ओतायची आणि वर तिचं कौतुक करायचं, असा माणूस तिथे कशाला ठेवतील? मीही ठेवला नसता." त्यांनी खिशातल्या पुरचुंड्या काढल्या आणि एकेक सोडून कुंडीत रिकाम्या केल्या. आधी गोटे, मग काळी, मग चुना. ग्रॅनाइटचा एक तुकडा मुठीत राहिला, तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही. मग तोही टाकला.

खाली यमुनाबाईंची भांडी वाजत होती. त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं.

"उद्यापासून?"

"नाश्त्याचं काउंटर. ऑम्लेट."

तोंडून जाऊ नये ते माझ्या तोंडून गेलं. "पण नागोराव, तव्यावर करपलं तर तुम्हाला कळणार कसं?"

"आता डोळे उघडे ठेवीन."