कमरेपासून खुंटीपर्यंत

टेलरबाईच्या घरातल्या वस्तूंना पाय फुटले ते तिच्या भावाचे गुडघे गेल्यापासून. त्याआधी भाऊ आणि नवरा जोडीने तळ्यावर जात. भाऊ मोटारीचा दांडा धरून होडी हळूहळू चालवी आणि नवरा मागे सोडलेल्या दोन गळांवर नजर ठेवी. गुडघ्यांनी भावाला खुर्चीत बसवलं, तेव्हा नवऱ्याने एकट्यानेच जायचं ठरवलं.

त्याला गल्लीत सगळे खटपट्या म्हणत, आणि ते नाव त्याने मेहनतीने मिळवलं होतं. फरशी पुसायच्या मॉपचा दांडा गेला, तो मोटारीच्या दांड्याला जोडला गेला. मोरीच्या पाइपचे दोन तुकडे गेले, ते होडीच्या काठाला बसून गळाच्या काठ्या धरू लागले. शेवटी तिच्या डब्यातलं हातभर इलॅस्टिक गेलं. ते दांड्याला दोन्ही बाजूंनी ताणून बांधलं की होडी कुणी न धरता सरळ चाले.

"बघ," तो म्हणाला, "दोन्ही हात मोकळे. तुझ्या भावाची गरजच उरली नाही."

"तुमची तरी कुठे उरलीय?"

तो हसला. तिला मात्र हसू आलं नाही. तिचंच बोलणं तिला खरं वाटायला लागलं. हा पाण्यात पडला तर होडी थांबणार नाही. चालत्या माणसाच्या वेगाने ती निघून जाईल, आणि बासष्ट वर्षांचा माणूस अंगावरच्या कपड्यांसकट तिच्यामागे पोहून पोहून किती पोहणार? त्यात ते इलॅस्टिक तिच्या डब्यातलं.

मोटारीला एक लाल खुंटी होती. ती उपटली की मोटार बंद. बाईने जाड कापडाचा पट्टा शिवला, त्याला दोरी लावली, दोरीच्या टोकाला आकडा. पट्टा त्याच्या कमरेला, आकडा खुंटीला. तो पडलाच तर खुंटी निघेल आणि होडी तिथल्या तिथे उभी राहील. त्याने लगेच मान डोलावली. हा माणूस एवढ्या लवकर ऐकतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी पट्टा धुवायला घेतला तर तो कोराच. घामाचा डाग नाही, बकलाच्या भोकाशी सुरकुती नाही. तीस वर्षं लोकांच्या अंगावरचे कपडे उसवणाऱ्या बाईला वापरलेलं कापड ओळखू येत नाही होय?

"अहो, हा पट्टा घालता ना?"

"रोज."

"तुम्ही खोटं बोलाल, कापड नाही बोलत."

तो ओशाळला. "अगं, मागची काठी उचलायला वाकलो की खुंटी निघते. मासा लागलेला आणि होडी ठप्प! दोनदा मासा गेला. मग काढूनच ठेवला."

"मग सांगायचं ना मला!"

"तू इतक्या हौसेने शिवलास..."

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. पँटचं माप घेतात तसं तिने त्याला ताठ उभं करून माप घेतलं होतं. होडीत कोण ताठ उभं राहतं?

होडी अंगणातच होती. तिने त्याला आत बसवलं. "वाका. काठी उचला. आता मागची. अजून वाका." दोरी वीतभर आणि चार बोटं वाढली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय हो, होडीला झबलं शिवताय का?" बाईच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून शेजारीण वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बकल तिने स्वतः लावलं. मग मशीनवर बसली, पण कान खिडकीबाहेर, तळ्यावरच्या मोटारीकडे. एका बाहीला तिने दोनदा उलटी शिवण घातली.

आणि मोटार थांबली.

मासा लागला असेल? नाही. मासा लागला तरी थांबू नये म्हणून तर दोरी वाढवली. मग आता थांबण्याचं एकच कारण उरत होतं, आणि ते तिनेच मापून कापून ठेवलेलं. ती गळ्यात टेप, पायात काही नाही, अशी धावत सुटली.

होडी तळ्याच्या मध्यावर उभी होती. रिकामी.

ती चिखल तुडवत पाण्याच्या काठापर्यंत गेली. मग होडीच्या पलीकडच्या काठावर पाच बोटं दिसली. मग दुसऱ्या हाताची. तो दोनदा घसरला, तिसऱ्यांदा कसाबसा पोटावर आत पडला. उठून बसला, नाकातोंडातलं पाणी झटकलं आणि किनाऱ्यावर ती दिसताच ओरडला, "माप बरोबर आहे गं!"

तीस वर्षं ती त्याचे कपडे शिवत होती. त्याने कधी नावं ठेवली नव्हती, पण असंही कधी म्हटलं नव्हतं. बाई तिथेच चिखलात बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

"आधी बाहेर या," रडता रडताच ती ओरडली. "मग बघते तुमच्याकडे!"