खरा कावळा

सासूबाई गेल्या तेव्हा दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. घाटावर आम्ही हात जोडून एकेक कबूल करत होतो. नवरा म्हणाला, बाबांना सांभाळतो. मी म्हणाले, तुमचे देव बघते, तुळशीला पाणी घालते. कावळे समोरच्या भिंतीवर ढिम्म. ऊन चढलं, गुरुजींना पुढचं काम होतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि आम्ही सुटलो.

सासरे मात्र सुटले नाहीत. "गवताच्या कावळ्यावर बोळवण केली तिची. अडकून पडलीये ती," असं उठता-बसता. त्यांची झोप गेली, जेवण दोन घासांवर आलं. म्हणून आम्ही त्यांना पुण्याहून सिंगापूरला, यिशुनच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. तिथेही तेच. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि औषध काय, तर म्हणे एक कावळा!

पितृपक्षात नवमीला सासूबाईंचं पान ठेवायचं, तर नेमके तेव्हा बाबा तापाने झोपून होते. तिथी चुकली की सर्वपित्री अमावास्या असतेच. पण पान ठेवायचं कुठे? या देशात पाखरांना दाणा टाकला तरी दंड. बाबांनीच शोधून काढलं: पुलाउ उबीन. लहान बेट, जंगल, समुद्राच्या कडेने चालायची लाकडी वाट, माणूस कमी. दंड तिथेही होताच, पण ऐकतंय कोण! नवऱ्याला बँकेतून सुट्टी मिळेना. म्हटलं, मीच नेते एकदाचं.

पहाटे उठून कांदा-लसूण न घालता सगळा स्वयंपाक केला. खीर, वडे, कढी, अळूवड्या, आमसुलाची चटणी. गुंडाळलेलं केळीचं पान बाबांनी बोटीत मांडीवर धरलं होतं. बेटावर उतरून गाडीने पूर्वेच्या टोकाला गेलो आणि चालायला लागलो.

मला ती जागा पहिल्या पावलापासून आवडली नाही. एरवी रविवारी इथे सायकलवाल्यांची जत्रा असते. त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना खारफुटी, तिची मुळं चिखलातून वर आलेली, आणि त्या चिखलात सतत काहीतरी टचटच फुटत होतं. डब्याच्या पिशवीचा आवाज झाला की झाडीत कोणीतरी आमच्याबरोबर चालायचं. रानडुक्कर असावं. मी थांबले की तेही थांबे. बाबांना म्हटलं, "परत जाऊ या." ते म्हणाले, "तुला जायचं तर जा."

एका वळणावर कठडा संपत होता. खाली वाळू, मग गुडघाभर खोल एक कोरडी घळ, तिच्यापलीकडे वाळूचा उंचवटा आणि त्यावर सपाट खडक. खडकामागच्या वठलेल्या झाडावर कावळे बसले होते. बाबांचा चेहरा असा उजळला की मला नाही म्हणवेना. त्यांनी पँट दुमडली, पान वाढून घेतलं आणि म्हणाले, "तू इथेच थांब. तिचं माझं आहे हे."

आम्ही पुण्याची माणसं. पाणी वाढतं म्हणजे खडकवासल्यातून सोडलं, एवढंच आम्हाला ठाऊक. तेही भोंगा वाजवून, पेपरात छापून. अमावास्येला समुद्राला उधाण येतं, दुपारी पाणी सगळ्यात वर चढतं, हे कोकणातलं शेंबडं पोर सांगेल. आम्ही अमावास्या पंचांगात बघितली आणि मध्यान्हीचा मुहूर्त धरून समुद्राच्या पोटात जाऊन बसलो.

बाबा एकेक कबूल करत होते. घर विकणार नाही. तुझ्या बहिणीशी बोलेन. तुझ्या साड्या सुनेला देईन. कावळे मान वाकडी करून बघत होते. मी तेच बघत राहिले. पायाखालच्या फळ्यांशी चुळुकचुळुक व्हायला लागलं तेव्हा खाली पाहिलं. मघाची वाळू नव्हतीच. घळ भरली होती. बाबांच्या आणि माझ्या मधे पाणी वाहत होतं आणि उंचवटा उरला होता चटईएवढा.

"बाबा, या! आधी या इकडे!" मी ओरडले. त्यांनी मागे न बघता हात वर केला. थांब.

पाणी त्यांच्या घोट्यांना लागलं. ते हसले. हात जोडले आणि अगदी रोजच्या आवाजात, सासूबाई स्वयंपाकघरात असल्यासारखे म्हणाले, "बरं बाई, कळलं. येतो मी. फार नाही थांबायला लावत."

कावळा त्याच क्षणी उतरला. भातालाच शिवला, मग वडा उचलला.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी चपलांसकट उडी मारली. पाणी कमरेवर होतं आणि बाजूने ओढत होतं. बाबांचं मनगट धरून त्यांना खेचत आणलं, फळीवर ढकललं आणि रडत त्यांच्यावर ओरडले. सासऱ्यांवर, आयुष्यात पहिल्यांदा! "काय बोललात तुम्ही? असं कोणी कबूल करतं का? परत घ्या ते!"

"शिवला की नाही?" बाबा म्हणाले. "मग झालं तर."

मागे पान तरंगत बाहेर निघालं होतं.

परतीच्या बोटीत त्यांनी डबा मागून घेतला आणि दोन वर्षांत जेवले नव्हते तसे जेवले. खिरीची वाटी बोटाने पुसून खाल्ली. मी त्यांचं डावं मनगट सोडलं नाही.

संध्याकाळी नवरा दारातूनच म्हणाला, "कावळा शिवला का गं?"

"शिवला," मी म्हणाले.

त्याने बूटही न काढता बाबांना मिठी मारली. बाबांच्या गालांवर रंग आला होता. म्हणाले, "आता माझं पुण्याचं तिकीट अलीकडचं कर. सगळं आवरून ठेवायचंय." नवरा आनंदात. "बघ, मी म्हणत नव्हतो? मन शांत झालं की माणूस हिंडायला-फिरायला लागतो!" आणि फोनवर तिकीट शोधायला बसला.

मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. म्हटलं, "बाबा कुठेही जाणार नाहीत."

बाबा माझ्याकडे बघून मायेने हसले.

"राहू दे रे तिकीट," ते म्हणाले. "इथून काय, तिथून काय."