पिंपातलं पाणी

भूगावच्या आमच्या सोसायटीत टँकरचा पाइप गळून धूळ भिजली, की त्या वासाने मला मुळशीतली डोंगरावरची ती शाळा आठवते. एका संस्थेतर्फे मुलांना पाणी वाचवायला शिकवायला मी तिथे गेले होते. आधी नळ बंद करायला सांगणारा व्हिडिओ दाखवला, मग खेळ घेतला. वर्गातल्या पिंपातून पेला भरायचा आणि धावत जाऊन बाहेरच्या बादलीत ओतायचा. खाली धरणाचं पाणी उन्हात चकाकत होतं. मुलं धावलीच नाहीत. पेला दोन्ही हातांत धरून चालत राहिली, पिंपाचा तळ दिसेपर्यंत, आणि कुणाचा थेंबही सांडला नाही. मी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या खेळाला बादली हवी म्हणून ती अंगणात उपडी केली. सगळी भिजलेल्या धुळीभोवती जमली. एक मुलगी म्हणाली, "बाई, ते प्यायचं पानी व्हतं. आमी रोज झऱ्यावरनं एकेक बाटली आणून पिंपात वततो." मग तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमाला ठावं नव्हतं." दुपारी खिचडीनंतर एकही मूल पिंपाकडे गेलं नाही. अहवालात मी लिहिलं, 'मुलांना पाण्याचं महत्त्व पटलं.' आजही प्रत्येक शाळेनंतर मी तेच वाक्य लिहिते.