जावयाच्या हातांची खांदमळणी

सायकलीच्या हँडलवर मी माझी सगळी अक्कल खर्च केली आहे. मुळात ती किती होती, हे पुढं कळेलच.

बारामती ते कन्याकुमारी सायकलनं जाणार, असं मी ऑफिसात जाहीर करून बसलो होतो. घरची परवानगी तेवढी काढायची राहिली होती. (आमच्याकडं हा क्रम चुकतोच.) सुनंदानं, म्हणजे बायकोनं, एकच अट घातली. पोळ्याला तिच्या माहेरी लासुर्ण्याला सायकलवर यायचं आणि धडधाकट उतरायचं. जमलं तर कन्याकुमारी, नाहीतर सायकल घरात दिसता कामा नये. एवढं बोलून ती एसटीनं पुढं गेली.

तीसेक किलोमीटर म्हणजे किरकोळ! पण लांब पल्ल्याला तळहात बधिर होतात असं मोबाइलवर पाहिलं आणि माझी झोप उडाली. आधी जेलच्या मऊ मुठी बसवल्या. मग हात बदलून ठेवायला हँडलच्या दोन्ही टोकांना शिंगं लावली. मुठी अजून मऊ हव्यात म्हणून वर स्पंज गुंडाळला, स्पंजावर जुनी ट्यूब, आणि हातात गादीचे मोजे. मूठ मिटली पाहिजे, असं दुकानदार बिचारा दोनदा म्हणाला. त्याला काय कळतंय, असं मी मनात म्हणालो.

वाटेतली बेलवाडी येईपर्यंत दोन्ही हात परक्याचे झाले. त्या जाडजूड मुठी आवळून बोटं केळीच्या फणीसारखी ताठली. सासऱ्यांच्या अंगणात वळलो, तर एवढ्या गादीवरून बोट ब्रेकपर्यंत पोचेना. समोर सासरे, म्हणजे आबा, बैलांची खांदमळणी करत होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे, त्यांना आराम द्यायचा. त्या आरामात मी थेट घुसलो. बैल शहाणे, ते बाजूला सरले. मी गव्हाणीत.

आबांनी मला बाहेर ओढलं, मोजे उपसले, बोटं वाकवून पाहिली आणि उरलेली तूप-हळद माझ्या तळहातांना चोळायला लागले. सगळं घर बघत होतं. लाजेनं मी अर्धा झालो. राहू द्या, राहू द्या म्हणालो.

"गप ऱ्हावा, पाव्हणं," आबा म्हणाले. "ह्या दोघांनी बी येवढी कुरकुर केली न्हाय."

दुसऱ्या दिवशी पोळा. मला चहाचा कपसुद्धा धरवत नव्हता. आबांनी बैलांची शिंगं रंगवली, रंग उरला म्हणून माझ्या हँडलचीही रंगवली. सुनंदा तबक घेऊन आली. तिनं बैलांना ओवाळलं. मग सायकलीला ओवाळलं. मी कपाळ पुढं करून हळूच कन्याकुमारीचं विचारलं.

तिनं तबक खाली घेतलं. "वर्षभर राबतात, त्यांनाच ओवाळतात."

सायकल आबांकडंच राहिली. त्यांनी मुठी, स्पंज, ट्यूब सगळं सोलून काढलं. शिंगं तेवढी ठेवली, वैरणीची पेंढी अडकवायला बरी पडतात म्हणून. रोज रानात जातात तिच्यावरून, आणि हात एकदाही बधिर झाले नाहीत म्हणे.

परतीच्या एसटीत बसायला जागा नव्हती आणि वरचा दांडा मला धरवेना. कन्याकुमारीला निघालेला मी, बायकोच्या पिशवीच्या बंदात हात अडकवून बारामतीला उतरलो.