गोंद लावलेला प्रोब

दादाला स्वस्त वस्तूंचा राग होता, आणि धाकट्या बहिणीचा त्याहून जास्त. लिफ्टची कंट्रोल कार्डं दुरुस्त करायचं दुकान दोघांचं. पण खुर्ची त्याची आणि शेवटचा शब्दही त्याचाच. सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारा जुना ऑसिलोस्कोप बंद पडला आणि दोघांचं चांगलंच वाजलं. त्याने नावाजलेल्या कंपनीचा महागडा स्कोप चार दिवस वापरून बघायला मागवला. तिने त्याला न विचारता स्वस्तातला आणून ठेवला.

"हे खेळणं माझ्या टेबलावर नको!"

"खेळणं आहे का, ते कार्डच सांगेल," ती म्हणाली.

कार्ड ज्या लिफ्टचं, ती दोन मजल्यांच्या मधेच अडकायची. दोनदा दादाने ते तपासून, 'निर्दोष' अशी सहीची चिठ्ठी चिकटवून परत धाडलं होतं. आज ते तिसऱ्यांदा आलं होतं.

"ज्याच्यावर दोष दिसेल तो स्कोप राहील," दादा म्हणाला. "तुझ्या डबड्यावर दिसला, तर ही खुर्चीसुद्धा तुझी. जा!"

"शब्द फिरवू नकोस म्हणजे झालं."

महागड्या स्कोपला त्याने आपला जुना प्रोब लावला. कार्डाला टेकवायची ही तार दुसरी कुठली त्याला चालतच नसे. पडद्यावर सरळसोट रेघ. "बघ! मी काय आंधळा आहे?"

तिने स्वस्तातल्यावर त्याच्यासोबत आलेला प्रोब लावला. रेघेतून बारीक काटा वर आला. पुन्हा आला. हाच तो दोष.

दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. "खोटं दाखवतंय तुझं यंत्र!"

तिने त्याचा प्रोब हिसकावून उजेडात धरला. प्रोबवर एकपट-दहापटीचं बटण असतं. एकवर सिग्नल मोठा दिसतो, म्हणून ते एकवरून सरकू नये यासाठी दादाने कधीकाळी त्यावर गोंदाचा थेंब टाकला होता. पण एकवर असला झटक्यात येणारा काटा बोथट होऊन नाहीसा होतो, हे त्याला सांगायची कोणाची टाप होती?

तिने ब्लेडने गोंद खरवडला, बटण दहावर ढकललं आणि तोच प्रोब महागड्या स्कोपला लावला. तोच काटा.

"यंत्रं दोन्ही चांगली आहेत. महागडं परत पाठव, आपल्या कामाला हे पुरतं. पण दादा, या प्रोबने तू आजवर किती कार्डं पास केलीस?"

दादा खुर्चीतून उठला. तिने त्याच्या देखत खुर्ची फडक्याने पुसली आणि मग बसली.

"ज्यांची कार्डं निर्दोष म्हटलीस त्या सगळ्यांना फोन लाव. आत्ता."

तो उभ्याउभ्याच नंबर शोधू लागला.