ताट कोणी उचलायचं

दुपारी दोंडाईच्याचे शेठ डाळ बघायला येणार आणि माझा प्रोग्रॅम सकाळपासून आडवा. जळगावच्या आमच्या डाळमिलमधलं मशीन कॅमेऱ्यानं दाणा बघतं आणि खराब असला की हवेनं उडवतं. पण त्याची अक्कल बाहेरगावची. आमच्या तुरीची लालसर, चांगली डाळही फेकून देतं. म्हणून साठी उलटल्यावर मोबाइलवर बघून बघून पायथॉन ही प्रोग्रॅमची भाषा शिकलेली मी म्हटलं, आपणच समजावू त्याला. तर मशीनची लायब्ररी, म्हणजे त्याला चालवणारा तयार कोड, सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेतली, कंपाईल करून बंद डब्यासारखीच आलेली. आत डोकवायची सोय नाही. तिच्यातले क्लास, म्हणजे कोडचे साचे, पायथॉनला वापरता यावेत म्हणून मधे एक एक्स्टेन्शन लिहिलं, पूलच म्हणा ना. पूल उभा राहिला, पण थोडी डाळ गेली की धाडकन बंद! ना कारण, ना कुठली ओळ चुकली ते. जीव नुसता जळतो हो.

"वहिनी, तुमनं मशीन परत झोपनं," दीर म्हणाले. "आज नही चालनं तर तुमना प्रोग्रॅम काढी टाकसू. चांगली दाय वाया चालनी."

"भाऊ, जरा थांबा."

"सकायपासून थांबेलच शे!"

शेठ आले, आमच्या घरी वरण-बट्टी जेवले आणि उठताना स्वतःचं ताट उचलायला लागले. आमच्याकडे पाहुण्यानं ताट उचललं तर घरच्यांची मान खाली. दीर धावले, "ऱ्हाऊ द्या शेठ!" एक कड दिरांच्या हातात, दुसरी शेठच्या. ओढाओढीत उरलेलं वरण शेठच्या पांढऱ्या पँटवर.

मी फडकं आणायला वळले आणि जागीच थांबले. अगं बाई, मीही हेच करून ठेवलंय! कॅमेऱ्याचं चित्र लायब्ररीच्या घरचं. काम झालं की मेमरीतून ते तीच आवरते. पुलावर त्या चित्राचा मालक कोण हे मी लिहिलंच नव्हतं, आणि न लिहिलं तर पूल धरून चालतो की पायथॉनच मालक. म्हणजे पाहुणाही आवरतोय, घरधनीही! एकदा आवरलेलं परत आवरायला गेलं की धाडकन बंद.

फडकं दिरांच्या हातात कोंबलं आणि मिल गाठली. मालकी लायब्ररीचीच, एवढं एका शब्दात लिहिलं, परत कंपाईल केलं. शेठची पँट वाळेपर्यंत मशीन न थांबता चालायला लागलं होतं. त्यांनी मशीननं आता न फेकलेली ओंजळभर लालसर डाळ हातात घेतली, "हीच पाठवा."

दीर म्हणाले, "इतलं सोपं व्हतं तं सकायलेच करी टाकतात!"

"सकाळी शेठ कुठे जेवायला बसले होते, भाऊ?"