थोरलीची किळस

थोरलीला त्या वासाची सवय कधीच झाली नाही. कातडी कमावणाऱ्यांच्या घरात ती सून म्हणून आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, की दोन महिन्यांत नाक मरेल. नाक काही मेलं नाही. मुलं झाली, मोठी झाली, तरी कारखान्यात पाऊल टाकलं की तिचा पदर नाकाशी जायचा तो जायचाच. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आमची थोरली नाकानं कांदे सोलते.

तिचं काम चुन्याच्या खोलीत. ओली कातडी तिथे चुना आणि सल्फाइडच्या पाण्यात भिजत पडायची. केस विरघळून त्यांचा करडा, गिळगिळीत लगदा व्हायचा आणि तो फावड्यानं ओढून नालीत लोटायचं काम थोरलीकडे. त्यात कधी मांसाची चिंधी असायची, कधी शेपटीचं टोक, कधी अख्खा कान. हातमोज्याला भोक पडलं की तो लगदा आत शिरून बोटांमध्ये शेंबडासारखा बसायचा. घरी येऊन कितीही अंग घासलं तरी घास तोंडाशी नेताना बोटांना तोच वास. नवरा कारखान्याचा ट्रक चालवायचा. तो शेजारी बसून निवांत जेवायचा, आणि तिला त्या निवांतपणाचीही किळस यायची.

भिंतीपलीकडच्या खोलीत मोठाले लाकडी ढोल फिरत. केस निघालेली कातडी त्यात मीठ आणि गंधकाच्या ॲसिडात घोळली जायची. त्या पाण्याची नाली वेगळी आणि चुन्याच्या पाण्याची वेगळी. ही दोन पाणी एकत्र येऊ द्यायची नाहीत, हे तिथल्या मांजरालाही ठाऊक होतं. सल्फाइड हा सोडियमचा एक क्षारच. चुन्याच्या पाण्यात तो गपगुमान असतो. पण जोरकस ॲसिड पडलं, की ते त्यातलं सोडियम आपल्याकडे ओढून घेतं आणि उरलेला भाग विषारी वायू होऊन मोकाट सुटतो.

थोरलीचा धाकटा दीर मुकादम झाला त्याच वर्षी ॲसिडची नाली तुंबली. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते आणि ढोल तर रिकामे करायचे होते. दिरानं ॲसिडचा पाइप ओढून चुन्याच्या नालीत सोडला. ढोल चालवणारा म्हातारा, त्याला सगळे ढोलवाला म्हणत, नको नको म्हणत राहिला. दीर म्हणाला, दोन्ही पाणी शेवटी गटारातच जातंय ना. मग पाणी नीट वाहावं म्हणून त्यानं ढोलवाल्यालाच नालीच्या खड्ड्यात गाळ काढायला उतरवलं, आणि तो वर यायची वाट न बघता कॉक फिरवला.

थोरली फावडं घेऊन दारापाशीच होती. टोपलीभर अंडी एकदम कुजून फुटावीत तसा भपकारा आला. ती तोंड दाबून बाहेर धावली आणि उंबऱ्यावरच भडभडून ओकली. आत दीर हवा हुंगत उभा होता.

"गेला बघ वास," तो म्हणाला.

वास गेला नव्हता, त्याचं नाक गेलं होतं. तो वायू आधी नाकच मारतो. पुढच्या क्षणी दीर रिकाम्या पोत्यासारखा खाली बसला. थोरलीनं श्वास कोंडला, आत वाकून त्याची कॉलर धरली आणि त्याला फरफटत अंगणात आणलं. खड्ड्यातून काहीच आवाज येत नव्हता. ती पुन्हा दारापर्यंत गेली, पण डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मागे फिरली. मुखवटे घालून अग्निशमनवाले आले तेव्हा कुठे ढोलवाला वर निघाला. त्याच्या तोंडात, नाकात, पापण्यांवर तोच करडा लगदा होता. थोरलीच्या बोटातली चांदीची अंगठी त्या वायूनं काळी ठिक्कर पडली होती.

दीर वाचला. चौकशीत त्यानं सांगितलं, की म्हाताऱ्यानं आपल्याच डोक्यानं कॉक उघडला आणि घाईत पाय घसरून खाली पडला. घरी आल्यावर सासूबाईंनी त्याच्यासाठी मटणाचा रस्सा केला. तो भुरके मारत, हाडं चोखत तीच गोष्ट पुन्हा सांगत होता. ओठ तेलकट, हनुवटीवर ओघळ. थोरलीला वाटलं, चुन्याच्या हौदात हात घातलेला बरा.

"भाऊजी, कॉक कुणी फिरवला?" तिनं विचारलं.

त्यानं मान वर केली नाही. "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, वहिनी?"

ती ताटावरून उठली. नवरा रात्री म्हणाला, झाकली मूठ सवा लाखाची, घरातलं घरात राहू दे. सकाळी चौकशीच्या कचेरीत जाऊन तिनं पाहिलं तेवढं सगळं सांगितलं.

मग ती ढोलवाल्याच्या बायकोकडे गेली. बाईनं सगळं ऐकून घेतलं, आणि आभार मानायच्या ऐवजी एवढंच विचारलं, "त्याला ओढलंस. माझ्या माणसाला का नाही?"

"तुमचा माणूस खाली होता. मी उतरले असते तर मीही तिथेच राहिले असते," थोरली म्हणाली. ते खरंच होतं, तरी बोलताना तिला स्वतःची शिसारी आली.

दिराला दोन वर्षं शिक्षा झाली. सासूबाईंनी तिच्या हातचं पाणी सोडलं. नवऱ्यानं आठवडाभर तोंड फुगवलं आणि एके दिवशी पलंग-भांडी ट्रकमध्ये भरली. दोघं बाजाराच्या टोकाला एका खोलीत राहायला गेली. थोरली लाँड्रीत चादरींना इस्त्री करू लागली.

दीर सुटून आला त्यानंतर सासूबाईंनी अंथरूण धरलं. ती तिकडे गेली तेव्हा दार त्यानंच उघडलं. थोरलीनं अंग चोरून घेतलं, त्याचा धक्का लागणार नाही इतकं, आणि आत जाऊन म्हातारीची भिजलेली चादर बदलायला लागली.